वॉल नवा बसवला, मग छातीत कशानं दुखतं? – झडप बदलल्यानंतर हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गोष्ट



आठवीच्या सामान्य विज्ञानातला 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. हृदयाचे चार कप्पे, त्यांच्या झडपा, महाधमनी, आकृती काढा व नावे द्या, झाला पाठ. मीसुद्धा दोन-तीन तासिकांत तो उरकत होतो. पण एका वर्षी आमच्या साखऱ्यात पालकसभा संपल्यावर एक माता-पालक मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या मालकाचा वॉल बदलून तीन महिने झाले. डॉक्टर म्हणले ऑपरेशन चांगलं झालं. मग चढावर चाललं की छातीत आवळल्यावानी कशानं होतंय?"

मी पटकन उत्तर दिलं, "ताई, छाती उघडून केलेलं ऑपरेशन आहे. टाके भरायला वेळ लागतो, अशक्तपणा असतो. होईल कमी."

विज्ञानाचा शिक्षक म्हटल्यावर गावात आपल्या शब्दाला वजन असतं. त्या निश्चिंत होऊन घरी गेल्या. नशीब असं की त्यांच्या दिराला माझं उत्तर पटलं नाही. त्याने भावाला ठरलेल्या तारखेच्या आधीच तपासणीला नेलं. अँजिओग्राफी केली तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या रक्तवाहिनीचं तोंडच अरुंद झालेलं निघालं. ऑपरेशनपूर्वीच्या अँजिओग्राफीत तेच तोंड स्वच्छ होतं. पुन्हा बायपास करावी लागली. माणूस वाचला, आता हलकी कामं करतो. पण मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं का होतं हे समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं, डॉक्टरांना विचारावं लागलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतो आहे. तुमच्याही शाळेच्या परिसरात 'वॉल बदललेला' एखादा पालक, एखादा विद्यार्थी नक्की असेल.

पंप, फुटवॉल आणि ती बारीक नळी

आपल्या सेनगाव तालुक्यातल्या मुलांना झडप शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. विहिरीतल्या मोटारीचा फुटवॉल त्यांनी हातात घेतलेला असतो. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. फुटवॉल गळायला लागला की पंप पाणी सोडतो. हृदयाच्या चार झडपाही हेच करतात. झडप नीट उघडेना झाली तर रक्त पुढे जायला त्रास, नीट मिटेना झाली तर रक्त मागे येतं. औषधांनी भागेना तेव्हा झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात.

इथपर्यंत मुलांना कळतं. पुढचा भाग पाठात जवळजवळ नसतोच, आणि खरी गोम तिथेच आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विहिरीवर डिझेलचं ऑईल इंजिन असायचं तेव्हा ते गार कसं ठेवायचे. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून ती इंजिनाला जोडलेली असायची. बाकी सगळं पाणी शेताला, थोडंसं इंजिनाला. ती नळी गाळाने तुंबली तर काय होई? फुटवॉल कोरा करकरीत असला, पाट भरून वाहत असला तरी इंजिन तापून जाम होई.

हृदयाचंही अगदी तसंच आहे. हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. पण आतून वाहणाऱ्या या रक्ताने हृदयाच्या जाड स्नायूचं पोट भरत नाही. त्याला वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात. त्यांना कोरोनरी रक्तवाहिन्या म्हणतात. मुकुटासारख्या हृदयाभोवती वेढलेल्या असतात म्हणून हे नाव. पाच लिटरपैकी पाव लिटरच्या आसपास रक्त या वाहिन्यांतून खुद्द हृदयाला मिळतं. बरं, या निघतात कुठून? डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनी निघते, तिच्या तोंडाशी महाधमनीची झडप असते. झडपेच्या लगेच वर महाधमनीला तीन फुगवटे असतात. त्यातल्या दोन फुगवट्यांत एकेक भोक असतं, ३ ते ५ मिलिमीटरचं. एक डाव्या कोरोनरीचं, एक उजव्या कोरोनरीचं. झडपेच्या मुळापासून हे अंतर साधारण एक ते दीड सेंटिमीटर. आपल्या करंगळीच्या पेराएवढंसुद्धा नाही.

अजून एक गंमत सांगतो, वर्गात मुलांना फार आवडते. हृदय आकुंचन पावतं तेव्हा सगळ्या शरीराला रक्त जातं, पण त्या वेळी हृदयाचा स्नायू स्वतःच इतका आवळलेला असतो की डाव्या बाजूच्या वाहिन्यांत फारसं रक्त शिरत नाही. हृदय सैल पडतं, महाधमनीची झडप मिटते, आणि तेव्हा या दोन भोकांतून रक्त आत जातं. जगाला वाढून झाल्यावर आई जेवायला बसते ना, तसं. म्हणजे झडपेचं मिटणं आणि हृदयाचं स्वतःचं जेवण या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. झडपेला हात लावणारा सर्जन या दोन भोकांच्या अगदी शेजारी काम करत असतो.

मग बिघडतं काय?

सुरुवातीलाच सांगतो, घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. झडपेचं ऑपरेशन ज्याला सांगितलं आहे त्याने ते टाळू नये. न करण्याचा धोका बहुतेक वेळा कितीतरी मोठा असतो. पण ऑपरेशननंतर कशाकडे लक्ष ठेवायचं हे घरच्यांना ठाऊक पाहिजे.

त्या मातेच्या पतीला जे झालं ते असं. महाधमनीची झडप बदलताना हृदय थांबवावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम असलेलं, बहुधा थंड द्रावण हृदयाच्या स्नायूत सोडतात. पुष्कळदा ते द्रावण त्या दोन भोकांत बारीक नळी धरून थेट सोडावं लागतं. नळीच्या टोकाने किंवा दाबाने भोकाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होऊ शकते. त्या वेळी काहीच कळत नाही. मग जखम भरताना जसा वण जाड होतो तसं अस्तर जाड होत जातं आणि भोक बारीक होतं. हा प्रकार अमेरिकेत रॉबर्ट्स आणि मॉरो यांनी १९६७ साली पहिल्यांदा लिहून ठेवला. वैद्यकीय लेखांत त्याचं प्रमाण १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान सांगतात. म्हणजे शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांना हे होत नाही. पण ज्यांना होतं त्यांना बहुतेक करून पहिल्या सहा महिन्यांतच होतं, आणि वाढतं झपाट्याने. चालताना दुखणं, मग दोन पावलं टाकली तरी दुखणं, मग बसल्या जागी. वेळेवर लक्षात आलं तर बायपास करता येते, काहींना फुग्याने वाट मोकळी करून स्टेंट बसवता येतो. लक्षात आलं नाही तर अचानक मृत्यूही येतो.

पहिले सहा महिने म्हणजे नेमका तोच काळ, ज्यात गावातला प्रत्येक माणूस सांगत असतो की टाके दुखत असतील, गॅस असेल, अशक्तपणा असेल. मीही त्यातलाच एक होतो.

दुसरं कारण ऑपरेशनच्या टेबलावरचं किंवा त्यानंतरच्या काही तासांतलं असतं. नव्या झडपेची कडी भोकासमोर आली, किंवा जुन्या झडपेवर साचलेला चुन्याचा कण सुटून वाहिनीत गेला, असं क्वचित होतं. आपल्याकडच्या मुलांमध्ये महाधमनीपेक्षा डावीकडच्या दोन कप्प्यांमधली, मायट्रल नावाची झडप जास्त खराब झालेली आढळते. तिच्या कडीला अगदी लगटून डाव्या कोरोनरीची एक फांदी वळसा घालून जाते. झडप शिवताना टाका खोल गेला तर ही फांदी दुमडू शकते किंवा टाक्यात सापडू शकते. हे बहुधा दवाखान्यातच ईसीजी आणि सोनोग्राफीवरून डॉक्टरांच्या ध्यानात येतं, त्यामुळे घरच्यांनी त्याची चिंता वाहत बसू नये.

मांडीच्या रक्तवाहिनीतून, छाती न उघडता झडप बसवायची पद्धतही आता आली आहे. फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी २००२ साली ती पहिल्यांदा माणसात केली. तिच्यात जुनी झडप काढत नाहीत, बाजूला दाबतात. ती दाबलेली पाकळी कोरोनरीच्या भोकावर गेली तर ते बंद होऊ शकतं. शंभरात एकापेक्षा कमी वेळा होतं, पण झालं तर गंभीर. म्हणून आधी सीटी स्कॅन करून भोक किती उंचीवर आहे ते मोजतात. ही पद्धत मुख्यतः वयस्कर रुग्णांसाठी आहे.

एक साधी गोष्ट लोक विसरतात. झडप बदलली म्हणजे वाहिन्या बदलल्या असं होत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची झडप बदलण्याआधी अँजिओग्राफी करतात ती यासाठीच. तंबाखू, साखर, रक्तदाब यांनी वाहिन्यांत चरबी साठायचं काम नव्या झडपेनंतरही चालूच राहतं. तंबाखूची पुडी खिशात ठेवून 'आता वॉल नवा आहे' म्हणणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत.

टिक टिक वाजणारी झडप

कृत्रिम झडप माणसात यशस्वीपणे बसवायला १९६० साली सुरुवात झाली. अमेरिकेतले सर्जन अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांची ती झडप म्हणजे पिंजऱ्यात ठेवलेला चेंडू. रक्ताने ढकलला की चेंडू पुढे, नाहीतर मागे बसून भोक बंद. आपल्या देशात बाहेरून आणलेली झडप गरिबाला परवडत नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने भारतीय झडप तयार झाली. आधीचे नमुने चाचण्यांत फसले, चौथा टिकला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. धातूच्या चौकटीत हलणारी प्लास्टिकची तबकडी, एवढी साधी रचना. फसलेल्या नमुन्यांची ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, विज्ञान कसं पुढे जातं ते कळतं.

धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी सुटली आणि गुठळीचा तुकडा निघाला तर तो बहुधा मेंदूत जातो आणि लकवा होतो. पण महाधमनीतून वर येता येता पहिली दोन भोकं कोणाची लागतात? कोरोनरीची. तुकडा तिथे शिरला तर पंचविशीतल्या माणसालाही हार्ट अटॅक येतो, वाहिन्यांत चरबीचा कणही नसताना. झडपेवर जंतुसंसर्ग झाला तर तिथल्या जंतूंच्या गाठीचा तुकडाही असाच जाऊ शकतो. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेची माहिती द्यायची ती यासाठी.

गोळी बरोबर लागू पडते का हे आयएनआर नावाच्या रक्तचाचणीवरून कळतं. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूची झडप महाधमनीत असेल तर साधारण २ ते ३, मायट्रल असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात, नेमका आकडा डॉक्टर कागदावर लिहून देतात. आकडा खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मेथी, पालक, शेपू यांनी आकडा खाली येऊ शकतो. म्हणून त्या सोडायच्या असं नाही, रोजच्या खाण्यात साधारण सारख्या ठेवायच्या. आपला जिल्हा हळदीचा. भाजीतली चिमूटभर हळद चालते, पण हळदीच्या कॅप्सूल किंवा पेले भरून काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्याने रक्त जास्त पातळ होऊ शकतं. मेडिकलमधून मनाने आणलेली अंगदुखीची गोळी तर त्याहून वाईट. आणि रक्त पातळ करायच्या नव्या, महागड्या, 'चाचणी नको' वाल्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. त्यातल्या एका गोळीचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव वाढले म्हणून मध्येच थांबवावा लागला होता. मुलीची झडप बदललेली असेल तर लग्नाआधी, निदान दिवस जाण्याआधी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे, कारण वॉरफेरिन गर्भाला बाधू शकतं.

धातूची झडप वाजते. शांत वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलाला घड्याळासारखी टिक टिक ऐकू येते. मुलं हसतात, त्या लेकराला लाज वाटते, ते शाळेत यायचं टाळतं. शिक्षकाने आधीच सगळ्यांना सांगून टाकावं की हे त्याच्या हृदयाचं घड्याळ आहे. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं, रोज वाजणारा आवाज दबका झाला किंवा बंद झाला, सोबत धाप लागली, तर झडप गुठळीने अडकली असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं.

दुखणं कोणतं, कसं ओळखायचं?

टाक्यांचं आणि छातीच्या हाडाचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. दाबलं, खोकललं, कुशीवर वळलं की वाढतं, आणि आठवड्यागणिक कमी होत जातं. हृदयाचं दुखणं बोटाने दाखवता येत नाही, माणूस सगळी मूठ छातीवर ठेवतो. आवळल्यासारखं, ओझं ठेवल्यासारखं. चालताना येतं, थांबलं की जातं. हातात, जबड्यात, पाठीत सरकतं, घाम येतो. बायकांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांत कधी कधी नुसतीच धाप किंवा मळमळ असते. झडप अरुंद असताना आधीही छातीत दुखायचं आणि ऑपरेशननंतर थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं, तर ती ठळक खूण समजा. ताप आणि झोपल्यावर वाढणारी टोचणी असेल तर हृदयाच्या आवरणाला सूज असू शकते, तेही दाखवायला हवंच.

बसल्या जागी दुखत असेल, घाम असेल तर १०८ ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात सांगा, "झडप बदललेला रुग्ण आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." मोबाईलवर फिरणारा 'ॲस्पिरिन चघळा' हा सल्ला अशा रुग्णाला मनाने देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. सोबत ऑपरेशनची फाईल आणि झडपेचं कार्ड न्या. ईसीजी जवळच्या सरकारी दवाखान्यात निघतो, पण एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून पहिल्या सहा महिन्यांतलं चालताना येणारं दुखणं सोडून देऊ नका. भोक अरुंद आहे का ते अँजिओग्राफीत किंवा सीटीत दिसतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच गाठा आणि स्पष्ट विचारा, "कोरोनरीचं तोंड तपासायची गरज आहे का?" हा प्रश्न विचारायला कोणी डॉक्टर असावं लागत नाही.

खर्चाची भीती वाटते म्हणून लोक थांबतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेड होतं, पुढच्या वर्षी ती राज्यभर आली. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. झडप बदलणं त्यात आहे, बायपास आहे, ऑपरेशननंतरच्या पाठपुराव्याचे काही उपचारही आहेत. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. एकदा योजनेतून ऑपरेशन झालं म्हणजे दार बंद झालं, हा गैरसमज मी बऱ्याच घरांत ऐकला.

आपल्या हातातलं

लहान मुलांच्या झडपा खराब होण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे संधिवाताचा ताप. ५ ते १५ वर्षं वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे आळीपाळीने सुजतात, आणि हृदयाच्या झडपांना इजा होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याच्या तपासणी यादीत हा हृदयविकार आहे. पथक शाळेत येतं तेव्हा आपण हजेरी आणि सह्यांत गुंततो. त्याऐवजी वारंवार घसा धरणारी, सांधे सुजलेली, खेळताना लवकर धापणारी मुलं आपणच पुढे करावीत. ज्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं आहे त्याची तारीख मी वर्गाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो. झडप बदलली तरी हे इंजेक्शन आपोआप बंद होत नाही. बंद कधी करायचं ते डॉक्टरच सांगतात.

आणि आपल्या भागातली खास अडचण, ऊसतोड. दिवाळी झाली की घरंच्या घरं कोयता घेऊन निघतात ती उन्हाळ्यातच परततात. त्या पाच-सहा महिन्यांत आयएनआर कोण करणार? मागच्या हंगामाला एक कुटुंब निघताना आम्ही एवढंच केलं: फाईलमधल्या महत्त्वाच्या पानांचे फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये घातले, कारखान्याच्या तालुक्यात आयएनआर करणारी लॅब फोन करून शोधून दिली, पुढच्या चाचणीच्या तारखा मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या. मुलगा सातवीत होता. दर महिन्याला तो बापाचा आकडा मला फोनवर वाचून दाखवायचा, आणि आकडा हलला की मी त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगायचो.